उन्हात न गेलेला हात

औषधांच्या दुकानात रांग चार माणसांची होती आणि तिचा राग चाळीस माणसांना पुरून उरला असता. तिचा नंबर आला तेव्हा तिने दोन्ही हात काउंटरवर टेकवले.

"भाजल्यावर लावायचं मलम द्या. आणि ती बरणी तिथून काढा."

"कुठली बरणी?" दुकानदाराने चष्मा वर केला.

"ती काय, हिरव्या झाकणाची. 'शंभर टक्के नैसर्गिक' असं जिच्या पोटावर छापलंय. लोकांची तोंडं पोळतात त्यानं."

दुकानदार तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिला, तशी तीही वळली. मागे एक उंच माणूस उभा होता. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं, तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली. हातात पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्यात हिरव्या झाकणांच्या बरण्या शिगोशीग भरलेल्या.

"बरणी माझी आहे," तो म्हणाला. "म्हणजे… मी बनवतो."

त्याच्या अंगाला लिंबाच्या सालीचा वास येत होता. वास ताजा होता, स्वच्छ होता, आणि रागाच्या भरातही तो तिला आवडला. आवडला म्हणून तिचा राग आणखी वाढला.

"बरं झालं भेटलात. माझ्या मावशीचे दोन्ही गाल भाजलेत. आधी लाल झाले, मग फोड आले, आता डाग पडतायत. तुमचं क्रीम लावायला लागून जेमतेम आठवडा झाला होता."

त्याचा चेहरा उतरला. पण तोंडातून नेमकं तेच निघालं, जे निघायला नको होतं.

"पण आमच्या क्रीममध्ये केमिकल नाही हो."

"पाणी आहे का?"

"पाणी तर…"

"पाणी केमिकल आहे. तुम्ही आत्ता सोडलात तो श्वास केमिकल आहे. या गृहस्थांचा खोकला तेवढा केमिकल नसेल."

रांगेतले खोकणारे आजोबा खुसखुसले.

"मला म्हणायचं होतं, सगळं नैसर्गिक आहे. झाडापानांचं."

"बिब्बाही झाडालाच लागतो. लावता का तोंडाला?"

खोकं खाली ठेवून त्याने एक बरणी उचलली आणि तिच्यासमोर धरली. "तुम्ही कोण, विचारू शकतो?"

"प्रयोगशाळेत असते. लोक अंगाला जे फासतात त्यात काय काय आहे आणि त्यातलं काय फासू नये, ते तपासते. सहा वर्षं झाली."

"मग तपासा. रीतसर अर्ज करून नमुना आणून देतो. फक्त एक सांगा… निकाल लागायचाय, की लागलाय? तुमच्या चेहऱ्यावर तर लागलेला दिसतोय."

"मुदतीआधी मी निकाल देत नाही."

"मग मी मुदतीची वाट बघतो," असं म्हणून तो चक्क हसला. डाव्या गालाला खळी पडत होती. एका माणसाला एवढ्या सवलती देण्याची गरज नव्हती, असं तिला वाटलं.

ती तरातरा बाहेर पडली. कोपऱ्यापर्यंत गेल्यावर लक्षात आलं की मलम राहिलं. परत आली तर तो दुकानाच्या पायरीवर मलमाची नळी हातात घेऊन उभा होता. तिने ती हिसकावून घेतली आणि आभार न मानता निघाली. तो मागून म्हणाला, "मावशींना सांभाळा." त्याच्या आवाजात काळजी होती. ते ऐकून तिला स्वतःचाच राग आला, आणि त्याला कारणही होतं.

ते कारण ती कुणाला सांगत नव्हती. मावशीने बरणी आणली त्या दिवशी ती तिच्यापुढे धरून विचारलं होतं, "बघ गं ठिणगे, लावू का?" ठिणगी हे मावशीने ठेवलेलं नाव. आई गेल्यावर नऊ वर्षांची ही पोर मावशीच्या घरी आली ती दार आपटतच, तेव्हापासूनचं. तर ठिणगीने बरणी फिरवली, मागचा प्रमाणपत्राचा क्रमांक पाहिला, तो त्यांच्याच प्रयोगशाळेचा होता. तिने यादीही वाचली नाही. "आमच्याकडून पास झालंय, लाव," म्हणाली आणि फोनवर बोलत राहिली. दुसऱ्यांनी लेबल वाचलं नाही म्हणून जगाला धारेवर धरणारी बाई स्वतःच्या घरात लेबल न वाचता मोकळी झाली होती.

मावशी रोपवाटिकेत काम करायची. दिवसभर उन्हात, रोपांच्या रांगांतून वाकून. संध्याकाळी मलम लावून घेताना ती म्हणाली, "एवढं काय तोंड पाडायचं? माझ्या गुलाबांना रोज कीड लागते, मी काय गुलाबांशी भांडते?"

"किडीशी भांडतेस ना?"

"किडीशी भांडते, पण जेवून-खाऊन. तू दोन दिवस धड जेवली नाहीस."

आठवड्याभरात नमुना आला. प्रयोगशाळेत नमुन्यावर फक्त आकडा असतो. कुणाचा माल आहे ते तपासणाऱ्याला कळू देत नाहीत. पण तिने झाकण उघडलं आणि तो लिंबाचा वास आला. काम सुरू करण्याआधी एक कागद भरावा लागतो. त्यावर छापलेलं असतं: उत्पादकाशी नाते वा हितसंबंध आहे काय? असल्यास स्वरूप लिहावे. सहा वर्षं तिने तिथे डोळे मिटून "नाही" लिहिलं होतं. त्या दिवशी पेन अडलं. मग तिने लिहिलं, "आहे." आणि स्वरूपापुढे लिहिलं, "राग."

विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"राग हा काही हितसंबंध नाही."

"मग काय आहे?"

"ते तुला कळेल. नमुना इकडे दे, मी बघते. तू या टेबलाच्या आसपास फिरकायचं नाही."

ती फिरकली नाही. पण चार दिवसांनी मोठ्या बाईंनीच तिला आत बोलावलं आणि टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. पास झालेल्या प्रत्येक मालाची एक बरणी प्रयोगशाळेत सील करून ठेवलेली असते, राखीव म्हणून. एक कागद त्या दोन वर्षं जुन्या राखीव बरणीचा होता, दुसरा नव्या नमुन्याचा. यंत्राने काढलेल्या रेघा जवळजवळ सारख्याच होत्या, फक्त नव्या कागदावर शेवटी एक टोक सुळक्यासारखं उठलं होतं.

तिला समजावून सांगायची गरज नव्हती. लिंबाच्या सालीचं तेल दोन तऱ्हेने काढतात. वाफेवर काढलं तर ते निरुपद्रवी. साल नुसती दाबून काढलं तर वास जास्त चांगला येतो, पण त्याच्यासोबत सालीतलं असं काही उतरतं जे अंधारात गप्प बसतं आणि ऊन लागलं की कातडी जाळतं.

"जुन्या कागदावर सही कुणाची आहे बघ," मोठ्या बाई म्हणाल्या.

सही तिची होती.

"तू जे पास केलंस ते चांगलंच होतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "नंतर त्यानं तेल बदललं आणि तोच क्रमांक छापत राहिला. आज पत्र निघेल. त्याच्या हातात पडायला तीन-चार दिवस लागतील."

ती तिथून निघाली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरी न जाता ती थेट रोपवाटिकेत गेली, मावशीला सांगायला. आणि तिथे काय बघते? मावशी बाकावर बसलेली, गालांना मलम, आणि तिच्यासमोर पालथ्या कुंडीवर तो बरणीवाला. गुडघ्यावर वही. मावशी त्याला सांगत होती आणि तो शहाण्या विद्यार्थ्यासारखा लिहून घेत होता.

"सकाळी आंघोळीनंतर लावायचे. मग इथे यायचे ते संध्याकाळपर्यंत," मावशी म्हणत होती.

"तुम्ही इथे कसे?" ठिणगी कडाडली.

"औषधवाल्या काकांना पत्ता विचारला," तो उठून उभा राहिला. "निकाल येईपर्यंत नुसतं बसवेना. मी प्रत्येक खेप आधी स्वतःच्या हातावर लावतो हो. अठ्ठेचाळीस तास पट्टी चिकटवून ठेवतो. एकदाही काही झालं नाही. मग मावशींनाच का झालं?"

"दाखवा हात."

"काय?"

"हात दाखवा. बाही वर करा."

त्याने मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत गुंडाळली. हात मनगटापर्यंत सावळा आणि त्याच्या वर दुधासारखा गोरा. त्याच्यावर पट्ट्यांचे चौकोनी ठसे. ती त्या हाताकडे बघत राहिली. जरा जास्तच वेळ बघत राहिली, असं मावशी नंतर म्हणायची.

"हा हात उन्हात कधी जातो?"

"जात नाही. मी साबणही बनवतो. त्याला कॉस्टिक सोडा लागतो, त्याचे भाजणारे शिंतोडे उडतात, म्हणून बाह्या खालीच असतात. दिवसभर."

"तेल कधी बदललंत?"

तो दचकला. "तुम्हाला कसं… हिवाळ्यात. आधी वाफेवरचं घ्यायचो. मग दाबून काढलेलं मिळालं. म्हटलं, ज्याला आच लागलेली नाही ते जास्त नैसर्गिक…"

बोलता बोलता तो थांबला. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काहीतरी उमगत चाललं होतं. तिने सगळं सांगितलं. आवाज चढवून, एक शब्द न गाळता. तेल, साल, ऊन. सावलीत बसून केलेली त्याची चाचणी आणि उन्हात राबणारी तिची मावशी. आणि बोलण्याच्या ओघात जे कुणालाच सांगायचं नव्हतं तेही बाहेर पडलं.

"तुमच्या बरणीवर माझ्या सहीचा क्रमांक होता. त्या क्रमांकावर विसंबून मी माझ्या मावशीला लाव म्हटलं. मी! तुम्ही माझी सही शिळी करून विकलीत."

मावशीने तिचा हात धरला. तो मात्र खाली बघत होता.

"किती बरण्या गेल्यात या तेलाच्या?"

"दोनशे सोळा."

"परत आणा. सगळ्या. पत्राची वाट न बघता."

तो लगेच हो म्हणाला नाही. हे तिने नीट पाहिलं. त्याच्या दुकानात साबण होते, तेलं होती, पण दुकान चालायचं ते या क्रीमवर, आणि दोन वर्षं राबून कमावलेलं नाव होतं. तो आतल्या आत काहीतरी तोलत होता.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"उद्या ऊन सात वाजता पडतं," ती म्हणाली आणि पाठ फिरवली.

माणसं अशीच असतात, असं तिने रात्री जेवताना जाहीर केलं. गोड बोलायचं, खळी दाखवायची, आणि अंगाशी आलं की "उद्या". मावशी म्हणाली, "खळी केव्हा दाखवली त्यानं? मला नाही दिसली." त्यावर ठिणगीने पाण्याचा पेला जरा आदळूनच ठेवला.

सकाळी साडेसहाला ती त्याच्या दुकानापाशी गेली. पकडायला गेली होती, असं तिचं म्हणणं. दुकान उघडं होतं. दारावर मोठा कागद, हाताने लिहिलेला: "हिरव्या झाकणाचं क्रीम लावून उन्हात जाऊ नका. बरणी परत द्या. मी तेल बदललं आणि पुन्हा तपासून घेतलं नाही. चूक माझी आहे." आत तो जमिनीवर बसला होता, भोवती पावत्या आणि वह्या, डोळे तांबारलेले. नावांची यादी चार पानांची झाली होती.

"काल रात्रीच फोन लावायला सुरुवात केली," तो म्हणाला. "लोकांना फोनवर नीट समजत नाही. दारात जावं लागेल. काल लगेच हो म्हणालो नाही, कारण… घाबरलो होतो. खोटं कशाला सांगू?"

तिला या उत्तराची तयारी नव्हती. बहाणा आला असता तर तिच्याकडे दहा वाक्यं तयार होती.

"यादीतली दोन पानं इकडे द्या," ती म्हणाली.

"तुम्ही येणार?"

"एकटे गेलात तर गोडगोड बोलून याल. लोकांना भीती घालायला माणूस लागतं."

तिने चार दिवसांची रजा टाकली. दोन-दोन पानं वाटून घ्यायचं ठरलं होतं, पण पहिल्याच गल्लीत ते एकत्र निघाले ते एकत्रच राहिले. ती डोक्यावर छत्री धरायची, तो पिशवी सांभाळायचा. दारं वाजवायची, तेच ते सांगायचं. एक शिंपीणबाई बरणी द्यायलाच तयार नव्हती. "मला मानवलंय. मी घराबाहेर पडतच नाही." ठिणगीने तिला उन्हाचा असा काही पाठ दिला की बाईने क्रीमसोबत खिडकीतली खुर्चीही मागे सरकवली.

"तुम्ही रोज असं बोलता?" जिना उतरताना त्याने विचारलं.

"नाही. आज मऊ बोलतेय."

"मग मी मुदतीपर्यंत टिकत नाही," तो म्हणाला, आणि तिला हसू आलं. ते तिने छत्री बंद करण्याच्या निमित्ताने लपवलं.

सगळी दारं हसणारी नव्हती. एका घरात फुटबॉल शिकवणारा तरुण होता. त्याचे दोन्ही हात मनगटापासून कोपरापर्यंत डागाळलेले. त्याच्या वडलांनी बरणीवाल्याला दारातच अर्धा तास झापलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला, एकदाही "पण" म्हणाला नाही. डॉक्टरकडे मी घेऊन जातो, म्हणाला. शेवटी वडील ओरडले, "चोर आहेस तू, चोर."

"चोर नाहीये तो," ठिणगी म्हणाली. कोण बोललं म्हणून तिलाच आश्चर्य वाटलं. "चुकलाय. खूप चुकलाय. त्याच्यावर माझा तुमच्यापेक्षा जास्त राग आहे. पण चोर आपण होऊन दारात येत नाही."

वडलांनी आत जाऊन बरणी आणून दिली. बाहेर रस्त्याच्या कडेला एक नळ होता, तिथे त्याने तोंड धुतलं. ती छत्री धरून उभी राहिली. छत्री एकाच माणसाची होती, पण ती त्याच्या डोक्यावर कशी गेली ते तिला सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी दुपारपर्यंत दोनशे पंधरा बरण्या परत आल्या होत्या. काही भरलेल्या, काही रिकाम्या. यादीत एकच नाव उरलं होतं, आणि ते मावशीचं होतं.

"ती फेकलीस ना तू?" घरी येऊन ठिणगीने विचारलं.

मावशी चहा गाळण्यात गुंतली. "फेकली नाही गं. रात्री टाचांना लावते. टाचांना कुठे ऊन लागतं? वास फार छान आहे त्याचा."

"वासासाठी जीव द्या सगळे."

"मी नाही बाई. मी टाचाच देते."

तो हसला आणि मावशीकडून बरणी घ्यायला हात पुढे केला. बाही मनगटावरून वर सरकली, आणि ठिणगीला पांढरं कापड दिसलं. त्याने पटकन हात मागे घेतला. तिने तो तितक्याच पटकन धरला, बटण तोडलं म्हटलं तरी चालेल, आणि बाही वर करून कापड उचललं. कापडाखाली, त्या दुधासारख्या हातावर, तळहाताएवढा लालभडक चट्टा. कडेला पाण्याने भरलेले फोड.

"हे काय आहे?"

"काही नाही. परवा सकाळी निघायच्या आधी क्रीम लावून गच्चीवर बसलो. तासभर. मला कळायला हवं होतं… म्हणजे मावशींना काय झालं ते."

"तू मूर्ख आहेस का?"

मावशीने चहाची गाळणी तशीच अधांतरी धरली होती.

"कागदावर सगळं लिहिलेलं होतं. मी तोंडानं सांगितलं होतं. तरी स्वतःचा हात जाळून बघायचा? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि दोन दिवस हे झाकून माझ्यासोबत उन्हात फिरलास? पिशव्या उचलल्यास? मला एक शब्द नाही सांगितलास?" तिचा आवाज फाटला. "तुझं काही झालं असतं तर मी…"

"तर तू काय?"

त्यानेही "तू" म्हटलं होतं. मलमाची नळी काढून ती त्याच्यासमोर बसली आणि बोटाच्या टोकाने चट्ट्याच्या कडेकडेने मलम लावायला लागली. बोट मात्र पिसासारखं हलकं होतं. मावशीला अचानक आठवलं की तिने रोपांना पाणी घातलेलं नाही. वास्तविक सकाळीच घालून झालं होतं.

"राग आलाय?" त्याने हळूच विचारलं.

"खूप."

"कुणाचा?"

"तुझा. माझा. त्या लिंबाचा. परक्या माणसाचा एवढा राग येत नाही मला… परक्यांवर मी फक्त ओरडते."

तिची मान खाली होती आणि केसांची एक बट सारखी डोळ्यांवर येत होती. त्याने चांगल्या हाताने ती बट बाजूला केली. तिने हात झटकला नाही.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "दुकानात बिब्बा लावायला सांगितलंस तेव्हापासून. आता माझाही निकाल सांग."

"मुदतीआधी देत नाही."

"मुदत किती?"

"अठ्ठेचाळीस तास." तिने दुसऱ्या, धडधाकट हातावर एक कोरी पट्टी चिकटवली, अंगठ्याने घट्ट दाबली. "ही काढायची नाही. खाज सुटली, पुरळ आलं, पश्चात्ताप झाला, तर कळव."

दुपारचे तीन वाजले होते.

दुसऱ्या दिवशी ती कामावर रुजू झाली. तिच्या टेबलावर नवीन नमुना होता. आकडा तेवढा लिहिलेला. तिने झाकण उघडलं. लिंबाचाच वास, पण जरा मंद, वाफेवरच्या तेलाचा. त्याने पहाटेच नवी खेप करून पाठवली होती, या वेळी रीतसर, अर्जात तेलाचं नाव लिहून. तिने समोरचा कागद ओढला. उत्पादकाशी नाते वा हितसंबंध आहे काय? तिने पेन उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. मग नमुना मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला, कागद घडी करून पर्समध्ये टाकला, तासाभराची सुट्टी मागितली आणि निघाली. मोठ्या बाईंनी कशासाठी म्हणून विचारलंसुद्धा नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत तो साबणाच्या लाद्या कापत होता. एका हाताला बँडेज, दुसऱ्यावर पट्टी, आणि पहिल्यांदाच दोन्ही बाह्या वर गुंडाळलेल्या. तिने कागद त्याच्यासमोर आपटला.

"वाच."

त्याने हात पुसून कागद उलगडला. प्रश्नापुढे तिच्या ठसठशीत अक्षरात "आहे" लिहिलं होतं. स्वरूपाची ओळ रिकामी होती. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजले होते.

"अजून एकोणतीस तास बाकी आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"तू तर मुदतीआधी…"

"सहा वर्षांत एकदाही दिला नाही. एकदाही नाही. रात्रभर झोपले नाही मी, आणि सगळं तुझ्यामुळे." तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला राग येत होता. "स्वरूप तू लिही. मागच्या वेळी मी लिहिलं होतं. पण खरं लिहायचं. लेबलवर लिहायचास तसं फुगवून नको. शंभर टक्के वगैरे चालणार नाही."

त्याने पेन घेतलं. बराच वेळ विचार केला. बाहेर ऊन खिडकीच्या चौकटीपर्यंत आलं होतं आणि साबणाच्या लाद्यांवर पसरत होतं. मग त्याने वाकून सावकाश लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला.

"प्रेम. उन्हात टिकतं का, ते अजून बघायचं आहे."

तिने ते वाचलं. मग पुन्हा एकदा, एकेक अक्षर नीट लावून वाचलं. त्याच्या हातातलं पेन घेतलं आणि खाली सही केली.